टीप

माझ्याकडे दोन वह्या होत्या,
एक निळी, एक करडी. इथे त्यांना बुकाना म्हणतात.
मोखोत्लोंगच्या दवाखान्यात ती हातात नसेल
तर तुम्ही आजारीसुद्धा नसता.

निळी मंगळवारची, मागच्या दाराची.
एकोणीस वर्षं मी त्या दारानं जाते,
घोंगडी नाकापर्यंत ओढून, थंडी नसली तरी.
करडी गुरुवारची, पुढच्या दाराची, साखरेची.
त्या रांगेत बायका खुशाल बोलतात,
माझी एवढी, तुझी किती,
मेंढ्या मोजाव्यात तशा.
चर्चमधल्या बायांनी तर माझ्यासाठी मोठ्यानं प्रार्थना केली,
साखरेसाठी.
दुसऱ्याचं नाव मी त्यांना दिलं नव्हतं.

जो मला मारणार होता
तो माझ्यासोबत म्हातारा झाला.
मुलांच्या बापाला मात्र वेलकमच्या खाणीतून परतल्यावर
दोनच हिवाळे मिळाले.
माझ्यापर्यंत गोळी पोचली, त्याच्यापर्यंत नाही.
एवढंच. याच्यावर काय बोलायचं ते कळत नाही,
म्हणून मी शिवते.

शिवणारीच्या बोटाला सुई नवी नाही.
आता कुठलं भोक कापडाचं, कुठलं साखरेचं
मलाच सांगता येत नाही.
सकाळी एक थेंब, पट्टी, आकडा.
मग पापा, मक्याचा तो घट्ट गोळा:
पूर्वी ताटभर, आता मुठीएवढा,
बाकी ताटात हिरवा मोरोहो.
माझी मूठ फार लहान.
न्ताते असता तर मी त्याच्या मुठीनं मोजलं असतं.

ऑगस्टात बर्फ पडलं आणि पाय सुजले.
बूट चढेनात. लघवीला फेस,
कुणी साबण खळबळल्यासारखा.
मंगळवारची सिस्टर म्हणाली, हे गुरुवारी सांगा.
गुरुवारची म्हणाली, हे मंगळवारचं असेल.
रक्तातला एक आकडा चढत होता
आणि मी खिंडीतल्या तट्टासारखी,
दोघांनी दोन्हीकडून लगाम धरलेल्या.

मोलिएही नवी होती, पोरगीच.
म्हणाली, मे मापुसेलेत्सो, दुसरी वही?
मी म्हटलं, एकच आहे.
तिनं दार लोटून घेतलं.
काही बोलली नाही. पेनचं टोपण लावत, काढत बसली.
मग मी घोंगडीखालून निळी काढली,
उबदार झालेली.

तिनं दोन्ही शेजारी उघडल्या,
बेतलेल्या कापडावरून फिरवावं तसं बोट फिरवलं.
ही निळीतली गोळी त्या करडीतल्या गोळीला
अंगात अडवून ठेवते, म्हणून ती निम्मी.
ही दुसरी मूत्रपिंडांना जड जाते आहे,
ती बदलायला डॉक्टरांशी बोलते.
वाढलेल्या आकड्यात थोडा वाटा नुसता गोळीचा असेल,
पण फेस खरा आहे.
पाठीसाठी काही घेता?
मी सांगितलं, दुकानातल्या लाल गोळ्या. दिवसाला चार.
तिनं डोळे मिटले. त्या आजपासून बंद.
मिठाचंही बोलली.
मग म्हणाली, मूत्रपिंडं दोन असली तरी
बाई एकच ना?
आणि करडीच्या समासात बारीक अक्षरात एक टीप लिहिली,
तीच निळीतही.

घरी येऊन मी मशीनवर दुसरी टीप मारली.
पुठ्ठ्यानं सुई मोडली.
मग हातानंच, श्वेश्वेच्या झग्यातून उरलेल्या निळ्या दोऱ्यानं,
पाठीला पाठ लावून दोन्ही वह्या शिवल्या.
टाके वाकडे आले. गिऱ्हाइकाला दिले नसते.

परवा पुढच्या दाराच्या रांगेत
शेजारीण त्या जाड वहीकडे बघत राहिली.
मी घोंगडी ओढली नाही.
ओढायला हात गेला होता, खोटं कशाला बोलू.

नोव्हेंबरात पुन्हा रक्त तपासणार आहेत.
फेस अजून आहे.
पहाटे दिवा घेऊन मी भांड्यावर वाकते
आणि बघत राहते, काल एवढाच होता का,
शिवण उसवते आहे का हे बघावं
तशी.